बोडकीचा उतार

साहेब, टेकडी तुम्ही मारली. पोकलेनवाल्याचं नाव पुढं करू नका, तो भाड्यानं आलेला माणूस. ठेकेदाराचंही नको, तो तुमच्या कागदाच्या वासानं आलेला. सही तुमची आहे, तिच्याखाली गोल शिक्का आहे, तारीख आहे. इंदापूर तालुक्यात, बावड्यापासून मोटारसायकलवर पाव तासाच्या वाटेवर, एका वाडीला लागून, बोडकी नावाची टेकडी होती. आता नाही. ती कशी गेली हे तुमच्या फायलीत दीड ओळीत आलंय. त्या दीड ओळीत संघपाल नाही आणि त्याची पोरगी अंजली नाही. म्हणून हे सगळं इथं लिहिलंय. वाचायला वेळ नसेल तर वेळ काढा.

बोडकीवर एक झाड नव्हतं, म्हणून बोडकी. खालून वर दोनशे पावलं. पावसाळ्यात तिच्यावर गुडघाभर कुसळी गवत यायचं, दसऱ्याला पिवळं पडायचं, आणि दिवाळीपर्यंत त्याची कुसळं धोतरात, सलवारीत, मेंढ्यांच्या लोकरीत, सापडेल तिथं घुसायची. कुसळं झडली की मागं राहायची नुसती काडी. गुळगुळीत, उन्हात चमकणारी. त्या काडीवर पाय ठरत नाही. वाडीतल्या कैक धडधाकट माणसांची ढुंगणं तिनं शेकून काढलेली. लोक तिला शिव्या घालायचे. संघपालला मात्र ती काडी पहिल्यांदा नीट दिसली तेव्हा त्याला बर्फ आठवला.

संघपाल अठरा वर्षं फौजेत होता. त्यातली सहा काश्मिरात, वरच्या चौक्यांवर, जिथं पायाला स्की बांधल्याशिवाय शेजारच्या तंबूतसुद्धा जाता येत नाही. तिथं तो स्की शिकला, पुढं नव्या पोरांना शिकवायला लागला, आणि एका हिवाळ्यात डाव्या पायाची दोन बोटं तिथंच सोडून आला. पेन्शनीवर घरी आला तो बारामती एमआयडीसीत एका डेअरीच्या गेटवर वॉचमन लागला. आठवडाभर तिकडं खोलीवर राहायचं, शनिवारी संध्याकाळी मोटारसायकल मारत घरी यायचं, आणि रविवार सगळा बोडकीचा.

स्की त्यानं घरी बनवल्या. शेतात पाणी न्यायचा चार इंची पाईप उभा चिरायचा, पाचटाच्या जाळावर नरम करायचा, दोन फळ्यांमध्ये दाबून सपाट करायचा आणि गरम असतानाच घमेल्याच्या बुडावर त्याचं नाक वर वळवायचं. तळाला मेणबत्ती घासायची. डेअरीत जुने झालेले गमबूट त्याच्यावर ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळायचे. हातात वेळूच्या दोन काठ्या. पोरांनी ह्या साऱ्या प्रकाराला ‘पट्ट्या’ म्हणून टाकलं. पट्ट्या खेळायला चल. संघपालची आई लक्ष्मीबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की लोकांची पोरं फौजेतनं येऊन बंगला बांधत्यात, माझं घमेल्यावर पाईप वाकवतंय.

वाडीत शाळेपुढं चांगलं मैदान होतं. तिथं क्रिकेट चालायचं, आणि त्यात बौद्धवस्तीतल्या पोरांना कायम फिल्डिंग. बॅट आली तर शेवटच्या दोन बॉलला, अंधारात. पोरींना तर बॉल आणायला उसातसुद्धा कुणी धाडत नव्हतं. हे कुणी कागदावर लिहिलं नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ होतं. बोडकीवर असं काही जमलंच नाही. वर चढायचं सगळ्यांनी, खाली यायचं सगळ्यांनी, आणि पडायचं तर सगळ्यांनीच. हळूहळू वस्तीतली पोरं आली, मग मळ्यातली आली, मग ज्यांच्या घरात पोरीला अंगणाबाहेर सोडत नव्हते त्यांच्याही दोघी आल्या.

गवताची एक रीत होती. कुसळं झडल्यावर मैंद घ्यायचा. मैंद म्हणजे पेरल्यावर रान सारखं करायची लाकडी फळी. दोन लहान पोरं तिच्यावर बसवायची आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत ती ओढत आणायची, नेहमी वरून खालीच. म्हणजे काडी एका अंगाला झोपते. ह्याला ते ‘गवत निजवणं’ म्हणायचे. उलटं ओढलं तर काडी उभी राहते आणि पट्टी अडकून माणूस तोंडावर येतो. पण निजवायला आधी गवत तर पाहिजे, आणि बोडकीवर दत्तोबाच्या मेंढ्या चरायच्या. संघपालनं दत्तोबाला विनवलं की पूर्वेकडचा एवढा पट्टा सोड. दत्तोबा म्हणाला की मेंढरांना इचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी आला आणि सांगून गेला की हो म्हणत्यात, एक म्हातारी मेंढी तेवढी आढेवेढे घेती, तिला समजावतो. चार वर्षं त्या पट्ट्याला त्याच्या मेंढीनं तोंड लावलं नाही.

अंजली संघपालची मोठी पोरगी, अकरावीतली. बोलायला कमी, हट्टाला जास्त. सगळी पोरं सरळ खाली यायची, शेवटी धपकन बसायची आणि हसायची. अंजलीला वळायचं होतं. संघपालनं तिला पहिल्या दिवशी सांगितलेलं, की वळताना भार खालच्या पायावर टाकायचा. भ्यालेला माणूस डोंगराकडं कलतो, त्याला वाटतं डोंगर धरून ठेवील. डोंगर कुणाला धरत नाही, जो कलला तो पडला. अंजली वर्षभर कलली आणि वर्षभर पडली. कोपरं, गुडघे, हनुवटी, सगळीकडं काडीनं कापलेलं. मग एका रविवारी तिचं एक वळण लागलं. मग दोन. ह्या दिवाळीत ती माथ्यावरून पायथ्याला नऊ वळणं घेत यायची, पाईपच्या पट्टीवर, वाळल्या गवतावर, आणि गवत चिरत जाताना फडताळातनं नवं कापड ओढावं तसा आवाज यायचा. तो आवाज ऐकताना संघपाल कुणाशी बोलायचा नाही.

फौजेतला त्याचा एक दोस्त आता उत्तरेत पहाडावर स्की शिकवायचा. त्यानं अंजलीचा व्हिडिओ बघून कळवलं, की फेब्रुवारीच्या कोर्सला हिला घेतो. बर्फावर जन्मलेल्या पोरींमध्ये हिला उभी करायचीय, तर माझ्या वरच्यांना दाखवायला न पडता बारा वळणांचा व्हिडिओ पाहिजे, पंधरा डिसेंबरच्या आत. नऊ होती. तीन पाहिजे होती. गवत डिसेंबरभर टिकतं. एवढाच हिशोब होता, आणि तो बसत होता.

घोर लागला तो पाठीमागून. बोडकीच्या पश्चिमेला मुरूम उकरणाऱ्या गाड्या लागल्या होत्या. उंदरानं भाकरी कुरतडावी तशी टेकडी मागून कुरतडली जायची. संघपालला वाटलं, कागद करून ठेवावा. एकदा सरकारी कागदावर आलं की ह्या उताराला कोण हात लावणार? फौजेत राहिलेला माणूस, त्याचा कागदावर विश्वास. त्यानं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला, की बोडकी टेकडीचा पूर्वेकडील उतार मुलामुलींच्या खेळासाठी मिळावा.

तुमच्या कचेरीच्या खिडकीतल्या भाऊसाहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, “उतारा पायजे म्हणा की सरळ.”

“उतारा न्हाय, साहेब. उतार.”

“तेच ते. काना राहिलाय तुमचा. थांबा, मी देतो.” आणि त्यांनी आपल्या पेननं त्या ‘र’ला काना देऊन टाकला.

अर्ध्या तासानं संघपालच्या हातात बोडकीचा सातबारा उतारा आला. गट नंबर, क्षेत्र, मालक सरकार, आणि पुढं लिहिलेलं: पोटखराब. म्हणजे पिकाच्या कामाची नाही अशी जमीन. त्यानं तो कागद दत्तोबाला वाचून दाखवला. दत्तोबा बराच वेळ विचार करून म्हणाला, “माज्या मेंढ्या जन्मभर चरल्या हितं. येकीचंबी पोट खराब झालं न्हाय.” त्या दिवशी संघपाल पोट धरून हसला. घरी आल्यावरही हसला, पोरांना सांगून हसला.

दुसरा अर्ज घेऊन तो हिंदुराव तात्यांकडं गेला. तात्या सोसायटीचे जुने चेअरमन, मनानं वाईट नाहीत. सरकारी भाषा त्यांना भाकरीसारखी पचते. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला आणि परत दिला.

“फौजी, तुजा शब्दच चुकतोय. सरकारला उतार कळत न्हाय. उतार म्हणून कुठं योजना हाय का? मैदान लिही. मैदानाला हेड हाय, त्यावर पैसं पडत्यात.”

“पण तात्या, ते मैदान न्हाय.”

“तुला टेकडी वाचवायची का व्याकरण?”

संघपालनं ‘उतार’ खोडलं आणि वर लिहिलं ‘खेळाचे मैदान’. त्याच्याच पेननं, त्याच्याच अक्षरात. ही चूक त्याची. तो कुणापुढं नाकारत नाही, तुम्हीही त्याच्यावर ढकलायला मोकळे आहात. पण पुढं ऐका.

नोव्हेंबरच्या मधल्या रविवारी तुमची गाडी आली. तुम्ही गाडीत बसून राहिला नाहीत, हे खरं. अर्धी टेकडी चढलात. तुमच्या पॅंटला, मोज्यांना कुसळं लागली आणि शिपाई बिचारा वाकून ती उपटत राहिला. संघपालनं तुम्हाला पट्टा दाखवला. हा उतार असाच राहू द्या, वरचे दगड तेवढे काढून द्या आणि मागचा मुरूम थांबवा, एवढंच मागितलं. तुम्ही मागच्या माणसाला म्हणालात, नोट करा. तुम्ही पायथ्याला उतरलात, मग अंजली माथ्यावरून निघाली. नऊ वळणं झाली, दहावं लागलं, आणि ती तुमच्यापासून चार हातांवर येऊन उभी राहिली. मोबाईल काखेत धरून तुम्ही टाळ्या वाजवल्या. तिला नाव विचारलंत. म्हणालात, बाळा, तुला इथंच सगळं करून देऊ. पोरगी कधी लाजत नाही, ती त्या दिवशी लाजली. घरी येऊन तिनं पट्ट्यांना नवी मेणबत्ती लावली.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. बुधवार होता, दुपारचे तीन. संघपाल गेटवर टँकर सोडत होता. अंजलीचा फोन आला.

“पप्पा, पोकलेन आलंय बोडकीवर. मी म्होरं उभी हाय. डायवर म्हंतोय बाजूला हो.”

संघपालला फार आनंद झाला. एवढ्या लवकर सरकार हलतं? तो म्हणाला, “अगं, ते आपल्याच अर्जाचं काम हाय. दगडं काढाय आलं असंल. सायबांनी सवता बघितलंय. बाजूला हो.”

“नक्की का, पप्पा?”

“नक्की. त्या डायवरला च्या पाज.”

फोन ठेवून त्यानं टँकरच्या ड्रायव्हरला अभिमानानं सांगितलं, की आमच्या गावात काम लागलंय, माझ्या अर्जाचं.

अंजली बाजूला झाली. तिनं वस्तीत येऊन सांगितलं, पप्पा म्हणले आपलंच काम हाय. मळ्यातनं माणसं काठ्या घेऊन निघाली होती, ती काठ्या टेकून उभी राहिली. फौजीचंच काम म्हटल्यावर कोण आडवं जाणार? घरच्यांना वाटलं, ह्याला सगळं ठाऊक असणार. संध्याकाळी संघपालनं फोन केला तर लक्ष्मीबाई म्हणाली, लई जोरात चाललंय काम, धुरळ्यानं चूल पेटंना. अंजली फोनवर आली नाही, तिचं डोकं दुखतंय म्हणाली. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. एवढ्या जोरात कसलं काम, हे ना त्यानं विचारलं ना घरच्यांनी सांगितलं.

शनिवारी तो निघाला. इंदापूर मागं टाकलं, बावडा मागं टाकला. आणि वाडीचं वळण चुकला. उभा जन्म त्या रस्त्यावर गेलेला माणूस दोन किलोमीटर पुढं गेला, तेव्हा त्याला कळलं की काहीतरी झालंय. वाडीचं वळण ओळखायची खूण दुसरी कुठलीच नव्हती. उसाच्या शेंड्यांवर बोडकीचा माथा दिसला की गाडी डावीकडं घ्यायची. माथा दिसलाच नाही. त्यानं गाडी वळवली.

बोडकीच्या जागी लांबरुंद तांबडी जमीन होती. रोलर फिरवलेली, चारी कोपऱ्यांना चुन्याच्या खुणा. एका बाजूला दत्तोबा मेंढ्या घेऊन उभा होता. मेंढ्यांना खायला काही नव्हतं, तरी त्या सवयीनं आल्या होत्या आणि मातीला हुंगत होत्या. दत्तोबा त्याला म्हणाला की टेकडी गाड्यांत भरून रस्त्याच्या कामावर गेली, मागनं आणखी पोकलेनं आली, तीन दिवस-रात्र गाड्यांची रांग मोडली नव्हती. मग म्हणाला, तुमी सांगितलं म्हून आमी गप राहिलो, फौजी. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

घरी अंजली ओट्यावर बसलेली. तिच्या हनुवटीवर काडीनं कापलेली जुनी खपली होती, ती नखानं काढत होती. संघपाल तिच्या शेजारी बसला. तिनं खपली उपटून काढली आणि विचारलं.

“पप्पा, मी बाजूला झाले नसते तर?”

“चूक माजी हाय,” एवढंच तो म्हणाला. सोमवारी तिनं पहाटे उठून कॉलेजची बॅग भरली आणि एसटीनं गेली. पंधरा डिसेंबर आला आणि गेला. दोस्ताचा फोन आला, संघपालनं उचलला नाही. दुसरी टेकडी बघा की, असं हिंदुराव तात्यांनी सुचवलं. दुसरी टेकडी आहे, पण ती वनखात्याच्या तारेच्या कुंपणात आहे, तिथं माणसानं गवतावर पाय ठेवला तरी गुन्हा. तात्या त्या दिवशी दारातच उभे राहिले, आत आले नाहीत, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि गेले.

संघपाल खिडकीवर गेला. भाऊसाहेबांनी फाईल काढली आणि त्याचाच अर्ज त्याच्यापुढं धरला. हे अक्षर तुमचं? माझं. काय लिहिलंय? मैदान. मग मैदान म्हणजे सपाट जागा, उताराला कोण मैदान म्हणतं, तुम्हीच सांगा. संघपालनं मान खाली घातली. तो उठून निघणारच होता, पण फाईल उघडी होती आणि पान वाऱ्यानं उलटलं. खालच्या पानावर तुमचा शेरा होता. संघपालनं तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. ‘समक्ष स्थळपाहणी केली. जागा उंचसखल असून सद्यस्थितीत खेळास अयोग्य आहे. संपूर्ण सपाटीकरण आवश्यक.’ खाली सही. तारीख त्या रविवारची.

तिथून पुढं तो कुणाशी भांडला नाही. डेअरीला गेला, टँकर सोडले, शनिवारी घरी आला. लोकांना वाटलं, सोसलं त्यानं.

सव्वीस जानेवारीला तुम्ही मैदानाचं उद्घाटन ठेवलंत. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, शाळेच्या पोरांना उन्हात दोन तास उभं केलं. ज्यांच्या मागणीवरून हे मैदान झालं त्या माजी सैनिकाचा सत्कार, असं माईकवर पुकारलं. वस्तीतल्या लोकांना वाटलं तो येणार नाही. तो आला. डेअरीचा निळा स्वेटर घालून, लंगडत, स्टेजवर चढला. तुम्ही शाल उलगडलीत. त्यानं ती तुमच्या हातातून घेतली, नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. नारळ शालीवर ठेवला. मग माईकपाशी गेला. पुकारणारा बाजूला झाला, त्याला वाटलं दोन शब्द आभाराचे असतील.

संघपालचा आवाज चढला नाही. पुढच्या रांगेत हिंदुराव तात्या होते, मांडवाच्या खांबाशी दत्तोबा उभा होता, आणि पार मागं, बायकांच्याही मागं, अंजली उभी होती.

“साहेब, मैदान मी मागितलं. अक्षर माजं हाय. माजी चूक मी पोरीपुढं कबूल केली, हितं सगळ्यांपुढं करतो. पन तुमी तर आलता. तुमी उभं राहून बघितलं. तुमच्यापासून चार हातांवर ती थांबली, तुमी टाळ्या वाजवल्या, तिला बाळा म्हणला, आन् त्याच दिवशी लिवलं की ही जागा खेळाच्या कामाची न्हाय. मला शब्द चुकला. तुमाला काय चुकलं? डोळं?”

तुमचा माणूस माईकची वायर ओढायला वाकला. दत्तोबानं त्या वायरीवर पाय ठेवला.

“माजी पोरगी मला इचारती, मी बाजूला झाले नसते तर काय झालं असतं. दोन म्हैने झालं, मला उत्तर येत न्हाय. तुमची सही हाय, तुमालाच म्हायती असंल. ती तिकडं मागं उभी हाय. मला नगं, तिला सांगा. ती बाजूला झाली नसती तर ती जिती राह्यली असती, का टेकडी, का दोनीबी? सांगा साहेब. मी हितनं हालत न्हाय.”